धूळपाटी, तक्ता आणि ओढा

दरवर्षी हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर जवळपासच्या एखाद्या खेड्यात भरते. श्रमदान, बौद्धिके, पथनाट्य, ग्रामस्वच्छता हा त्याचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. त्या क्रमात एक दुपार 'प्राथमिक शाळेत पर्यावरण-प्रबोधन' या नावाने राखून ठेवलेली असते. द्वितीय वर्षाचे आठ-दहा विद्यार्थी रंगीत तक्ते घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. तिसरी-चौथीची मुले सतरंजीवर मांडी घालून बसतात. जैवविविधता म्हणजे काय, प्रदूषणाचे प्रकार किती, ओझोनचा थर कशाने विरळ होतो हे त्यांना तक्त्यावरून वाचून दाखवले जाते. झाडांविषयीची घोषणा तीनदा होते, बिस्किटांचे पुडे वाटले जातात (त्यांची वेष्टने पुढे कुठे जातात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही), छायाचित्र निघते आणि अहवालात एक परिच्छेद वाढतो. कार्यक्रम अधिकारी या नात्याने असे चार अहवाल मी स्वतः लिहिले आहेत. तेव्हा हे लिहिताना मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवतो आहे असे कृपया समजू नये.

या दुपारीविषयी मला बरीच वर्षे एक कुतूहल आहे. 'पर्यावरण' हा विषय म्हणून आपल्या शिक्षणात तसा अलीकडचा. त्याला फार तर पन्नास वर्षे झाली असतील. परंतु थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्याला शिकवावे ही रीत मात्र फार जुनी आहे. आपल्या मातीत तर ती इतकी रुजलेली होती की परक्यांनी येऊन तिच्याकडे बोट दाखवेपर्यंत ती 'पद्धत' आहे असेही कुणाला वाटले नव्हते. या जुन्या रीतीची आणि या नव्या विषयाची गाठ पडली तेव्हा नेमके काय झाले, आणि काय व्हायला हवे होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तक्त्याकडे परत येण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

१६२३ च्या नोव्हेंबरात पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज वकिलाच्या सोबतीने इक्केरीला गेला. इक्केरी म्हणजे आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील, तेव्हाची नायकांची राजधानी. तिकडच्या प्रवासात एका देवळाच्या ओसरीवर त्याने चार लहान मुले अंकगणित शिकताना पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. मुले एका सुरात अंक म्हणत होती आणि म्हणता म्हणता बोटाने तेच वाळूत लिहीत होती. वाळू भरली की पुसून नवी पसरायची. शिक्षक कुठेच नव्हता. तुमच्यापैकी एखाद्याला काही आठवले नाही तर चूक कोण सुधारतो, असे त्याने विचारले. चौघेही एकाच वेळी एकच गोष्ट विसरतील हे शक्य नाही, असा त्या पोरांच्या उत्तराचा आशय होता. देल्ला वाल्लेला हे उत्तर आणि ही रीत दोन्ही फार आवडले. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात याहून नेटके उत्तर मला तरी सापडलेले नाही.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. शिकायची वस्तू, म्हणजे वाळूत उमटलेला अंक, चौघांच्याही डोळ्यांसमोर होती. आणि चुकणारा व सुधारणारा यांच्यात अंतर फारसे नव्हते. आज एकाने सुधारले, उद्या दुसऱ्याने. ज्ञान एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही अशी ती विभागणी नव्हती.

महाराष्ट्रातील पंतोजीची शाळा याच वळणाची. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, संध्याकाळी परवचा म्हणायचा, आणि पंतोजी स्वतः सगळ्यांपर्यंत पोचू शकत नाही म्हणून पुढे गेलेल्या पोराने मागच्याचा हात धरायचा. १८२३ साली बेल्लारीचा कलेक्टर कँपबेल याने मद्रास सरकारला आपल्या जिल्ह्यातील शाळांचा अहवाल पाठवला. त्यात पुढच्या विद्यार्थ्यांकडून मागच्यांना शिकवून घेण्याच्या देशी रीतीची त्याने स्तुती केली आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच, असेही नोंदवले. धरमपाल यांच्या १९८३ च्या 'द ब्यूटिफुल ट्री' या ग्रंथामुळे हे अहवाल अलीकडच्या अभ्यासकांच्या वाचनात आले. मात्र या साऱ्याचे एक गोजिरवाणे चित्र रंगवण्याचा मोह टाळायला हवा. त्या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले बहुतेक ठिकाणी ओसरीच्या बाहेरच होती, आणि थोरल्या विद्यार्थ्याच्या हाती छडी आली की तो पंतोजीहून कठोर होत असे, हेही आपल्या आत्मचरित्रकारांना चांगले ठाऊक आहे. देशी रीत चांगली होती असे म्हणताना ती कुणाकुणाच्या वाट्याला आली हा प्रश्न विसरता येत नाही.

इंग्लंडच्या अनुकरणाची हकिकत अशी. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८७ मध्ये मद्रासला आला आणि १७८९ पासून एग्मोरच्या अनाथाश्रमाची देखरेख करू लागला. गोऱ्या सैनिकांची पोरकी मुले तिथे ठेवलेली होती. एकदा त्याने एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. पगारी शिक्षकांनी हा पोरखेळ करायचे नाकारले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गापुढे उभे केले, आणि जे शिक्षकांना जमले नव्हते ते त्या पोराने करून दाखवले. १७९७ मध्ये, मायदेशी परतल्यावर, बेलने या प्रयोगावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. 'मद्रास पद्धत' या नावाने ती पुढे गाजली.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकॅस्टर गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवत होता. त्याच्याजवळ पैसे कमी आणि मुले शेकड्यांनी. त्यानेही थोरल्या मुलांवर शिकवण्याचे काम सोपवले, पण त्याला यंत्राची शिस्त दिली. एक शिक्षक, त्याच्या हाताखाली मॉनिटर, प्रत्येक मॉनिटरपुढे मुलांची एक रांग, भिंतीवर टांगलेले छापील तक्ते, खुणेसरशी उठणे, खुणेसरशी बसणे, बक्षिसांची तिकिटे. आपल्या पद्धतीने एकच शिक्षक हजार मुलांना शिकवू शकेल असा त्याचा दावा होता. शिक्षाही त्याने कल्पकतेने योजल्या होत्या. गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे आणि टोपलीत बसवून छताला टांगणे ही त्यांपैकी दोन. बेल आणि लँकॅस्टर यांच्यात ही पद्धत मूळची कुणाची यावर मोठा वाद झाला. साहित्याच्या अभ्यासकांना तो परिचित असण्याचे कारण म्हणजे वर्डस्वर्थ, कोलरिज आणि सदी हे तिघेही बेलच्या बाजूने उभे राहिले. सदीने तर बेलचे चरित्र लिहायला घेतले, ते त्याच्या मागे त्याच्या मुलाने पुरे केले. निसर्गाला गुरू मानणारा वर्डस्वर्थ पाढे पाठ करून घेणाऱ्या एका यंत्रणेचा कैवारी व्हावा ही विसंगती मला नेहमीच विचारात पाडते. मात्र एग्मोरच्या त्या मूळ प्रसंगात वाळू होती, बोट होते आणि आठ वर्षांचा मुलगा होता, हे ध्यानात घेतले की ती थोडी उलगडते.

वाळू, बोट आणि मुलगा यांचे पुढे काय झाले ते आपल्या मुंबईत दिसते. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२० च्या दशकात, पुढे 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने आपल्या मराठी व गुजराती शाळांसाठी लँकॅस्टरची पद्धत सुधारलेली विलायती पद्धत म्हणून स्वीकारली. दक्षिणेतल्या ओसरीवरून निघालेली रीत लंडनला जाऊन, तक्ते आणि शिस्त घेऊन, मुंबईच्या बंदरावर नव्या मालासारखी उतरली. पंतोजीच्या शाळेला मागासलेली ठरवून तिच्या जागी जे आणले गेले, त्याची मूळ कल्पना पंतोजीच्याच शाळेतली होती. वासाहतिक ज्ञानव्यवहाराचे उदाहरण म्हणून हा प्रवास वर्गात सांगण्यासारखा आहे, आणि मी तो सांगतोही. पण इथे माझा मुद्दा वेगळा आहे. या फेऱ्यात रीतीचा गाभा बदलला. इक्केरीच्या वाटेवरच्या त्या ओसरीवर थोरला आणि धाकटा दोघेही वस्तूकडे पाहत होते. लँकॅस्टरच्या दालनात धाकटा मॉनिटरकडे पाहतो, मॉनिटर तक्त्याकडे पाहतो आणि तक्ता वरून आलेला असतो. थोरला विद्यार्थी सोबती उरला नाही, तो नळ झाला. वरच्या टाकीत जे भरले असेल ते खाली पोचवणे एवढेच त्याचे काम.

आपल्या शाळांत 'मॉनिटर' हा शब्द अजून जिवंत आहे. शिकवण्याशी त्याचा संबंध कधीच तुटला. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणारा तो मॉनिटर. शब्दांचे अर्थ उगाच घसरत नाहीत. नळातून पाणी गेले की उरते ती फक्त तोटी, आणि ती बंद करण्याचा अधिकार.

डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मध्ये (१८५४) एक प्रसंग आहे, तो पुष्कळांना आठवत असेल. सर्कशीत, घोड्यांमध्ये वाढलेल्या सिसी ज्यूपला शाळेत घोड्याची व्याख्या विचारतात आणि ती गोंधळून गप्प बसते. ज्याचा घोड्यांशी काडीचा संबंध नाही तो बिट्झर दातांच्या संख्येसह व्याख्या घडाघडा म्हणतो आणि शाबासकी मिळवतो. मॉनिटर-पद्धत मागे पडून तिच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवरचा हा उपहास आहे, पण रोग जुनाच होता. पर्यावरणाचा विषय शाळेत आणताना आपण हा प्रसंग समोर ठेवायला हवा होता. कारण ज्या मुलांना आपण जैवविविधतेची व्याख्या शिकवायला निघालो, त्यांच्यात सिसी ज्यूप पुष्कळ होत्या.

आपल्याकडे हे ज्यांच्या ध्यानात आले अशी माणसे होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ च्या सुमारास ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे). माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. त्यांच्याऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने ही साधने आली. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण थोरल्यांना गुरे राखायची असतात आणि धाकटी भावंडे सांभाळायची असतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळेची घडण बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली 'विकासवाडी' त्यातून आली, म्हणजे बहिणीच्या कडेवरचे मूलही शाळेच्या आत आले. आणि जी मुले गुरांमागे रानात होती त्यांच्यासाठी शाळाच रानात गेली, ती 'कुरणशाळा'. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनाकडे आपले मराठी विभाग 'स्त्रियांची आत्मचरित्रे' या सदराखाली पाहतात, ते ठीकच आहे, पण शिक्षणाच्या इतिहासाचे साधन म्हणून ते पुन्हा वाचले जायला हवे.

कोसबाडला 'पर्यावरण-शिक्षण' असे काही चालले होते असा माझा दावा नाही. तो शब्दच तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण कुरणशाळेची कल्पना करून पाहावी. कोणत्या झाडाचा पाला शेळीला चालत नाही, कोणत्या उतारावर गवत आधी वाळते हे गुराखी मुलाला शिक्षिकेहून अधिक माहीत असणार, आणि सोबतच्या धाकट्याला तो ते रोजच सांगत असणार. शाळा तिथे गेली तेव्हा हे सांगणे थांबवून तिला आपले काही सुरू करायचे नव्हते; या सांगण्याच्या शेजारी तिला बसायचे होते. 

आता १९७२ नंतरच्या काळाकडे येऊ. स्टॉकहोमची परिषद, १९७५ चा बेलग्रेडचा जाहीरनामा, १९७७ ची तिबिलिसीची परिषद या टप्प्यांनी पर्यावरण-शिक्षण ही जागतिक कल्पना झाली. आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला जागा दिली. निर्णायक पाऊल मात्र शिक्षणखात्याकडून न पडता न्यायालयाकडून पडले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्देश दिले: चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक चित्रपट्टिका दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनवर संदेश द्यावेत, आणि शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर हा विषय सक्तीचा करण्याच्या दिशेने पावले टाकावीत. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २००३ च्या डिसेंबरात न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मग सर्व पदवी-शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. दरम्यान २००१-०२ पासून शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेनेचे गट उभे राहिले होते.

या साऱ्याचे मोल मी कमी लेखत नाही. न्यायालयाने रेटले नसते तर कला शाखेच्या माझ्या विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत हा विषय ऐकलाही नसता. पण त्या अभ्यासक्रमाच्या अंकगणिताकडे जरा पाहा. एकूण तासिका पन्नास, त्यांपैकी क्षेत्रकार्याला पाच. शंभर गुणांपैकी पंचाहत्तर लेखी परीक्षेला आणि पंचवीस क्षेत्रकार्याला. क्षेत्रकार्याच्या त्या आठव्या घटकात नदी, रान, माळ पाहून नोंदी करणे, प्रदूषित जागेला भेट देणे, आसपासच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखणे, तळे किंवा डोंगरउतार अशी एखादी साधी परिसंस्था अभ्यासणे असे सुरेख काम सांगितले होते. अभ्यासक्रम करणाऱ्यांना काय हवे होते ते या घटकावरून स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात काय झाले तेही आपणा सर्वांना ठाऊक आहे. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'पर्यावरण प्रकल्प' तयार मिळू लागले. एका वर्षी माझ्याकडे आलेल्या प्रकल्पांपैकी अकरा एकाच नदीवर होते, आणि ती नदी आमच्या जिल्ह्यातली नव्हती. अकराही जणांना मी गुण दिले. न देण्याचे धैर्य तेव्हा माझ्यात नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्या गावच्या नदीवर त्यांना घेऊन जाण्याची तसदी मीही घेतली नव्हती.

अशा रीतीने तयार झालेला विद्यार्थी तक्ता घेऊन तिसरीच्या वर्गापुढे उभा राहतो तेव्हा तो लँकॅस्टरचा मॉनिटर असतो. त्याला जे वरून मिळाले तेच तो खाली देतो, आणि त्यालाही ते वस्तूतून मिळालेले नसते. यात भाषेचाही एक भाग आहे, आणि तो आपल्या, म्हणजे मराठीच्या शिक्षकांच्या, अखत्यारीतला आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत या विषयाचे नाव 'परिसर अभ्यास' असे आहे. महाविद्यालयात ते 'पर्यावरण' होते. परिसर म्हणजे पायी फिरता येईल एवढा मुलूख: वाडी, विहीर, देवराई, उकिरडा. पर्यावरण म्हणजे पृथ्वीला वेढणारे सगळे काही. मूल मोठे होते तसा विषय मोठा होतो, आणि पायांपासून दूर जातो. वीस वर्षांचा मुलगा जेव्हा आठ वर्षांच्या मुलाकडे येतो तेव्हा त्याने खरे तर 'पर्यावरणा'तून 'परिसरा'त परत यायला हवे. तो मात्र आठ वर्षांच्या मुलालाच ओढून 'पर्यावरणा'त नेऊ पाहतो. परिसंस्था, जैविक घटक, अवनती, संवर्धन. या शब्दांत काही वाईट नाही, पण त्यांतला एकही शब्द मूल घरी जाऊन आईला सांगणार नाही.

सगळेच प्रयत्न असे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीत आणि नंतरही, गणेशविसर्जनाच्या दिवशी नदीच्या घाटावर मूर्तिदान आणि निर्माल्यदानाचे जे उपक्रम चालवले, त्यांत पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयीन मुले-मुली उभी राहिली. तिथे समोर नदी होती, हातात निर्माल्य होते, आणि मूर्ती घेऊन आलेल्या कुटुंबातले लहान मूल हे सगळे पाहत होते. वादही होत, आणि भावना दुखावल्याच्या तक्रारीही होत. पण तो वाद एका खऱ्या पाण्याच्या काठावर होत होता, तक्त्यासमोर होत नव्हता.

चार वर्षांपूर्वीच्या आमच्या शिबिरातली एक दुपार आता सांगतो. शिबिराचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याचे, कोकणाच्या बाजूचे. शाळा दोन शिक्षकी. आमच्या मुलांनी तक्ते लावले, पहिल्या मुलीने बोलायला सुरुवात केली, आणि दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतली मुले एकमेकांना चिमटे काढू लागली. तेव्हा आमच्यातला एक विद्यार्थी उठला. हा मुलगा माझ्या वर्गात दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसत होता आणि मी त्याचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता. त्याने गुरुजींची परवानगी घेतली आणि मुलांना म्हणाला, "चला, तुमचा ओढा दाखवा मला."

ओढा शाळेच्या मागेच होता. हिवाळ्यामुळे धार बारीक, मध्ये मध्ये डोह. याने मुलांना काही सांगितले नाही, विचारले. इथे काय काय मिळते? आणि मग जे सुरू झाले ते ऐकत मी काठावर उभा राहिलो. मरळ, वाम, शेंगाळा, झिंगे, खेकडे. कोणता कुठल्या दगडाखाली, कोणता रात्री, कोणता फक्त वरच्या डोहात. आणखी सात-आठ नावे अशी आली की जी मी, मराठीचा प्राध्यापक, त्या दिवशी प्रथमच ऐकत होतो आणि माझ्या माहितीच्या कोशांत मला नंतरही सापडली नाहीत. एक मुलगी आणि एक मुलगा एका नावावरून भांडलेही. तिच्या वाडीत त्या माशाला वेगळे म्हणत. बाकीच्यांनी निवाडा केला. चौघे एकाच वेळी एकच गोष्ट विसरणार नाहीत, हे मला तिथे आठवले.

मग वलगणीचा विषय निघाला. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, ओहोळांत आणि शेतांत येतात, आणि सगळा गाव ते धरायला लोटतो. मुलांचे डोळे चमकले. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने, तक्त्याच्या सवयीने आणि अगदी बरोबर हेतूने, सांगितले की अंड्यांनी भरलेले मासे धरू नयेत, त्याने प्रजाती नष्ट होतात. एक मुलगा म्हणाला, "ताई, आमच्याकडे तेव्हाच तर मासे येतात." ती गप्प झाली. मीही गप्प होतो. गरिबाच्या वर्षातल्या चार दिवसांच्या कालवणावर बंदी घालण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, आणि न घालावी तर ओढ्याचे काय, याचे उत्तर आठव्या घटकात नव्हते.

तो विद्यार्थी मात्र पाण्याशी उकिडवा बसला होता. मान वर न करता तो सांगू लागला. सातवीत असताना तो मामाबरोबर रात्री नदीवर गेला होता. मामाने डोहात ब्लीचिंग पावडर टाकली. सकाळी मासे पांढरे पडून वर आले, मोठे मासे टोपल्यांत भरले, आणि बोटाएवढी पिल्ले तशीच काठाला लागली. "मी पण टाकली पावडर, मामाने सांगितली म्हणून. एक डबा मीच ओतला." पुढची दोन वर्षे त्या डोहात खेकडासुद्धा दिसला नाही. वलगणीला गाव जमायचा, पण वर चढायला काही उरले नव्हते.

"आमच्या पण खालच्या डोहात टाकतात," चौथीतली एक मुलगी म्हणाली.

"कोण?"

तिने नाव सांगितले नाही. बाकीच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतल्या कुणाचा तरी बाप किंवा काका असणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळले. त्याने पुन्हा विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "वलगणीला धरा. पण सगळेच नका धरू, थोडे वर जाऊ द्या. आणि पावडरीचा डबा कुणी दिला ना हातात, तर घेऊ नका. मी घेतला होता."

शाळा सुटायची वेळ झाली होती. मुले धावत निघून गेली. तक्ते वर्गातच राहिले होते, ते आणायला कुणीतरी परत गेले. परतीच्या वाटेवर मी त्या विद्यार्थ्याला विचारले की ही हकिकत त्याने आपल्या पर्यावरणाच्या प्रकल्पात का लिहिली नाही. तो जरा गोंधळला.

"सर, ते चालतं?" तो म्हणाला.